एकाच माणसाच्या दोन हातांत

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, उरलेले खिडक्यांच्या गजांना धरून उभे राहिले. मंचावर जलबाबा बसले होते. समोर टेबलावर साखर मोजायचं छोटं यंत्र, संत्र्यांची टोपली आणि पाण्यानं भरलेली परात. यंत्रातला आकडा मागच्या पडद्यावर भलामोठा दिसायचा. भोंदूगिरीही आता काळाबरोबर चालते.

पद्धत ठरलेली होती. येणाऱ्यानं संत्रं स्वतःच्या हातानं सोलायचं आणि एकही फोड न खाता बाबांसमोर ठेवायचं. हा म्हणे गोडाचा त्याग. मग चेला बोट टोचायचा. आकडा यायचा दोनशे साठ, तीनशे. सगळे हळहळायचे. बाबा त्याचे हात परातीत बुडवून चोळायचे, पुसायचे आणि बोट पुन्हा टोचायला लावायचे. आता आकडा एकशे दहा! टाळ्यांचा कडकडाट.

"साखर रक्तात नसते, बाळांनो, आसक्तीत असते!" बाबा गरजले. "डॉक्टर तुम्हाला चाल चाल चालवतात. मी म्हणतो, बसा! तुमच्या वतीनं माझं पाणी चालेल!"

लोक खूश झाले. मला रागही आला नाही. याच मधुमेहानं आमच्या वडिलांचा पाय गेला, मग ते गेले, तेव्हापासून माझ्या आत काही हलतच नव्हतं. मी डॉक्टर आहे. काम करायची, जेवायची, झोपायची, इतकंच.

आमच्या रुग्णालयात एक संशोधन चालू होतं. ज्यांना मधुमेह झालेला नाही, पण गोड पचवायची ताकद कमी झाली आहे, अशा माणसांचे तीन गट केले होते. एका गटाला रोजचं चालणं आणि मोजका आहार, दुसऱ्याला गोळी, तिसऱ्याला फक्त नेहमीचा सल्ला. कुणाचा मधुमेह टळतो, ते पाहायचं होतं. माझा दादा घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर स्टुलावर, डोळ्याला भिंग लावून. तो चालणाऱ्या गटात होता आणि त्याचे आकडे छान खाली येत होते. मग बाबा आले आणि दादानं चालणं सोडलं, तपासणीला येणंही सोडलं.

"पडद्यावर सगळ्या गावानं पाहिलं, मी बरा झालो," तो म्हणाला. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, सासऱ्यांचं सगळं मी केलंय. पुन्हा नाही हो होणार माझ्याच्यानं."

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी संत्रं सोललं आणि हात न धुताच बोट टोचलं. मला मधुमेह नाही, तरी यंत्र म्हणालं दोनशे चाळीस. साबणानं हात धुऊन पुन्हा टोचलं, पंच्याण्णव. चमत्कार माझ्या घरीही झाला, आणि तोही नळाच्या पाण्यानं.

पुढच्या बैठकीला दादा "नूतनीकरणा"साठी, म्हणजे बाबांकडून पुन्हा हात चोळून घ्यायला, मंचावर गेला. त्यानं संत्रं सोलून ठेवलं, तशी मी वर चढले.

"बाबा, हा माझा भाऊ. टोचायच्या आधी याचा एक हात मी धुते. चालेल?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? "धुवा माई," बाबा हसले, "पण श्रद्धेनं धुवा."

"साबणानं धुते."

मी बाहेरच्या नळावरून पाणी आणलं होतं. दादाचा डावा हात धुतला, कोरडा पुसला. मग दोन्ही हातांची बोटं लागोपाठ टोचली. पडद्यावर आकडे आले. उजवा दोनशे पंचाहत्तर, डावा एकशे चौदा.

मागचे लोक टाचा उंचावून आकडे पुन्हा वाचू लागले.

"एकाच माणसाच्या दोन हातांत दोन साखरा असतात का?" मी विचारलं. "संत्र्याचा रस बोटाला लागतो, तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र त्यालाही मोजतं. पहिला आकडा संत्र्याचा, दुसरा तुमचा."

"यंत्र बिघडलंय!" चेला ओरडला.

"मग आजवर कशानं मोजत होता रे?" खिडकीतून कुणीतरी विचारलं. पहिल्यांदाच लोक बाबांवर हसले. तरी उठताना एक बाई पुटपुटली, "पाण्यानं नुकसान तर नाही ना झालं?"

नुकसान काय झालं, ते पुढच्या आठवड्यात कळलं. बोट टोचून आलेला किंवा उपाशीपोटीचा आकडा या टप्प्यावर पुष्कळदा फसवतो. म्हणून आम्ही साखरेचं पाणी पाजतो आणि दोन तासांनी रक्त घेतो. दादा ते पाणी पिऊन दोन तास बाकावर बसला. अहवाल मीच वाचला. दादा रेषेच्या पलीकडे गेला होता. आता तो उंबरठ्यावर नव्हता, त्याला मधुमेह झाला होता.

त्यानं अहवाल माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाला, "छोटे, ते पाणी खोटं होतं, तर मला बरं का वाटत होतं?"

"पाण्याआधी काय वाटत होतं?"

तो आठवत राहिला. "तेव्हाही बरंच वाटत होतं."

"या आजाराचं तेच तर आहे, दादा. सुरुवातीला काही म्हणजे काही दुखत नाही. बाबांनी आधी खोटा आजार दाखवला आणि मग तोच बरा केला. खरा आत तसाच वाढत होता."

दादानं माझा हात घट्ट धरला. कितीतरी दिवसांनी मला रडू आलं आणि ते आलं म्हणून बरंही वाटलं.

दादा आता गोळी घेतो, चालतोही. पण टाळता आलं असतं ते टळलं नाही. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. बरं वाटणं हा पुरावा नाही आणि पडद्यावरचा आकडाही नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर एकच विचारा: हे बाबांशिवाय करून पाहिलं, तर काय होतं? ते स्वतः करून पाहा. अन् तोवर आपली औषधं आणि आपलं चालणं कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.