पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या

आई-बाबा अंदमानच्या सहलीला निघाले, तेव्हा गौरीनं आईच्या हातात बाबांच्या गोळ्यांच्या चौदा पुड्या दिल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या सकाळच्या, लाल दोऱ्याच्या संध्याकाळच्या. आईला, सुमनबाईंना, वाचता येत नव्हतं, म्हणून ही युक्ती. गौरी बेंबळीच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. चुलत्यांनी बीपीची गोळी सोडली आणि त्यांना लकवा मारला, तेव्हापासून बाबांची एकही गोळी तिनं चुकू दिली नव्हती. पाणी उकळून प्या, हे तिनं एकदा सांगितलं. आभाळ कोसळलं तरी पुडी चुकवायची नाही, हे चार वेळा.

पाचव्या दिवशी, लसीकरणासाठी बायका लेकरं घेऊन बसलेल्या असताना, सहलीतल्या कुलदीपचा फोन आला. बाबांना, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या मच्छिंद्ररावांना, काल दुपारपासून जुलाब-उलट्या होत होत्या. त्या लहानशा बेटावर दवाखाना नव्हता. वाऱ्यामुळं बोट बंद होती. उद्या सुटली तर सुटली. रेंज फक्त धक्क्यावर, खोलीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. सुमनबाई तिथवर चालत आल्या होत्या.

पाणी किती दिलं, गौरीनं विचारलं. ओठ ओले करण्यापुरतं, आई म्हणाली. पाणी पाजलं की जुलाब वाढतात, हे तिच्या येरमाळ्याच्या माहेरात चालत आलेलं. शहाळ्यांचा ढीग पडला होता, पण थंड पडेल म्हणून तीही बंद. बाबांच्या पायात गोळे येत होते, उठून बसलं की अंधारी येत होती. लघवी कालपासून नव्हती.

गौरीचा आवाज चढला. गावातल्या बायांना रोज ओरडून सांगते आणि घरातच हे, असं काहीबाही ती बोलून गेली. सुमनबाईंनी ऐकून घेतलं.

"पुडी मातर चुकवली न्हाय," त्या म्हणाल्या. "आज सकाळची उलटीत पडली, म्हून उद्याची उघडून दिली."

त्या पुडीत लघवी वाढवून बीपी उतरवणारी गोळी होती. अंगात पाणी उरलं नव्हतं, आणि तिनं बांधलेली पुडी होतं तेही काढून टाकत होती. जुलाब लागले तर ही गोळी थांबवा आणि डॉक्टरांना विचारा, हे वाक्य ती प्रत्येक पेशंटला सांगायची. आईला सांगायचं राहिलं होतं.

तिनं पुड्या बंद करायला सांगितल्या. उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. कुलदीपनं ते लिहून घेतलं. सुमनबाई मात्र ऐकेनात.

"आन् तुझ्या चुलत्यावानी झालं म्हंजी?"

"आई, मी चुकले. तुला सांगताना मीच चुकले. आता पुडी दिलीस तर बाबा हातचे जातील."

तेवढ्यात फोन कटला. आईनं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

धाराशिवच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर सलाईन लागेल म्हणाले. अंदमानच्या आपत्ती नियंत्रण कक्षानं बाबांचं नाव लिहून घेतलं. वारा पडल्याशिवाय बोट नाही. गौरीनं एकवीस लेकरांना सुया टोचल्या. प्रत्येक वेळी शिशीवरचं नाव दोनदा वाचलं.

चार वाजता आईचा फोन आला. पुड्या बंद होत्या. लिटरभर पाणी आणि एक शहाळं पोटात गेलं होतं. दोनदा उलटी झाली. लघवी एकदा, थोडी, काळ्या चहासारखी. बोटीचं अजून काही नाही.

"गौरे," सुमनबाईंनी विचारलं, "पुडीनंच झालं का गं हे?"

तिथली मासळी बाधली असेल, असं म्हणणं सोपं होतं.

"जुलाब कशानंबी लागले असतील. पण एवढे खालावले ते पुडीनं. आन् पाणी तोडल्यानं."

"म्हंजी दोघींनी केलं," आई म्हणाली. "ठेव आता. परत जायला अर्धा घंटा लागतो, तवर त्यांना पाजायला तितं कुणी न्हाय."