मुठीची टोपली

आंबेनळीच्या घाटाला लागायच्या आधी डाव्या हाताला एक पायवाट वर चढते. तिच्या टोकाला सोळा उंबऱ्यांची खडकवाडी. वाडीत पुरुष औषधालाही सापडायचे नाहीत. धडधाकट तेवढे मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत, उरलेले अंगणात खोकत बसलेले. राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, झाडांची कवळं तोडणं असो, लावणी असो, पोलादपूरच्या बाजारात लाकडाची मोळी पोचवणं असो, सगळं बायकांच्या डोक्यावर. आणि बायका रानात गेल्यावर पोरांचं काय करायचं हा प्रश्नही बायकांनाच पडायचा. पुरुषांना तो पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

वाडीपुरता हा प्रश्न ठमाबाईनं सोडवला होता. ती विधवा, पोटी मूलबाळ नाही, गुडघे गेलेले, त्यामुळे डोंगर चढायची सोय राहिलेली नव्हती. तिच्या पडवीत सकाळी वाडीतली सगळी कच्चीबच्ची येऊन पडायची, दूध सुटलेल्या पोरापासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत. दाराशी एक टोपली असायची, तिच्यावर फडकं. पोराला सोडायला आलेली आई घरून मूठभर नाचणी नाहीतर वरी आणायची आणि फडक्याखाली हात घालून टोपलीत सोडायची. कुणी किती आणलं ते कुणी बघायचं नाही, असा ठमाबाईचा दंडक होता. सगळ्यांचं एकाच मडक्यात शिजायचं आणि दुपारी प्रत्येक पोराला आंबिलीचा एकेक डाव मिळायचा. पोर कुणाचंही असो, डाव तोच.

आवडीनं दोन वर्षं या टोपलीत मूठ टाकली होती आणि हात राखून टाकली नव्हती. तिची शकू चार वर्षांची. नवरा चांगू गोदीत होता. मग मंदी आली, गोदीतलं काम बसलं आणि चांगूचं पत्रही बसलं. संक्रांतीला आवडीच्या कणगीचा तळ दिसला. त्यानंतर ती स्वतः रानातले कडू कंद, करांदे, राखेच्या पाण्यात उकडून खायची. शकूला मात्र ते मानवत नव्हते. तिच्या पोटात दिवसाकाठी धड जायची ती ठमाबाईची आंबीलच.

म्हणून आवडीनं ती गोष्ट केली. सकाळी ती मूठ वळायची, तशीच फडक्याखाली घालायची, आत उघडायची आणि रिकामा हात बाहेर काढून पदराला पुसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, आवडीची त्या दिवसांत तेवढ्या मोलाची होती. तिच्यावर पोर जगत होतं आणि वाडीत मान ताठ राहत होती. चांगूचे पैसे आले की चार मुठी जास्त टाकू, असं ती रोज मनात घोकायची.

फाल्गुनात एकदा आवडी कवळं तोडून आली तर वाडीत एकच चर्चा. महाडच्या बायकांच्या कुठल्याशा मंडळाची एक वकिलीणबाई येऊन गेली होती. पायांत वहाणा, डोळ्यांना चष्मा. ठमाबाईच्या घोंगडीवर बसली, पोरांच्या दंडांना बोटांनी माप लावलं, आंबील चाखली आणि म्हणाली, शहरात हजार रुपये खर्चून जमत नाही ते तुम्ही इथं केलंत. जाताना दूध आणायचं कबूल करून गेली. डब्यातली दुधाची पूड असते म्हणे, पाण्यात कालवली की दूध. ठमाबाई चार दिवस हवेत चालत होती, गुडघे विसरून.

आठवड्यानं बाई आली. सोबत दोन डबे, डबे वाहणारा गडी आणि तिपाईवर काळं फडकं टाकून तसबीर काढणारा एक गृहस्थ. वाडीतल्या झाडून सगळ्या बाया त्या दिवशी रानात न जाता पडवीपुढे जमल्या. बाईनं पिशवीतून कागद काढला.

"दूध थोडं आहे," ती म्हणाली. बोलणं गोड, अगदी मनापासूनचं. "म्हणून ज्यांना खरी गरज आहे, त्यांनाच द्यायचं ठरलं आहे. ज्यांच्या घरून मूठसुद्धा येऊ शकत नाही अशी तीन मुलं आहेत. त्यांनी इकडे भिंतीशी बसायचं. गोमाजींचे दोन नातू. आणि शकू चांगू."

गोमाजीच्या नातवांचं कुणाला काही वाटलं नाही. त्यांचे आईबाप पटकीत गेले होते, आजा आंधळा, सगळ्या वाडीला ठाऊक. पण तिसऱ्या नावासरशी बायांच्या माना वळल्या. आवडीला वाटलं, बाई चुकली असेल. कागदावर दुसरं कुणाचं नाव असेल. तिनं ठमाबाईकडे पाहिलं. आता ठमाआत्या म्हणेल, नाय हो बाई, तिची मूठ येते रोज. तेवढं एक वाक्य. त्याहून जास्त आवडीला काही नको होतं.

"हीच ना शकूची आई?" बाईनं विचारलं.

ठमाबाईनं मान हलवली. होकाराची.

"संक्रांतीपास्नं रोज हात घालताना बघतेय मी हिला," शेजारची तुळसा म्हणाली. "म्हंजे आमच्या पोरांच्या वाटनीचं हिच्या पोरीनं खाल्लं, आनि ही आमच्यासंगती ताठ चालत होती."

दोन वर्षांच्या भरल्या मुठी त्या क्षणी कुणालाच आठवल्या नाहीत. आवडीलाही त्या बोलून दाखवाव्यात असं सुचलं नाही. तिपाईवाल्या गृहस्थानं तिघांना भिंतीशी तरटावर बसवलं, शकूच्या हातात वाटी दिली आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. शकू हलली नाही. तसबीर निघाली आणि लगेच आवडीनं पोरीला बखोटीला धरून घरी नेलं.

संध्याकाळी ठमाबाई लंगडत तिच्या दारात आली. आवडीनं तिला बस म्हटलं नाही.

"तुला कदी कळलं आत्ये?"

"पैल्या दिसालाच. मूठ सोडली की टोपलीत दाने वाजतात. तुझी वाजंना." ठमाबाई खांबाला धरून उभी होती. "तुझ्या नावाची मूठ मी माज्या कणगीतली घालत हुते. पन माजंबी आता सरत आलं. बाईनं इचारलं, कुनाला जास्त नड हाय? मला वाटलं दूध मडक्यात जाईल आनि मी शकूला डाव भरून घालीन. गावाभायरची बाई. भगताला सांगावं तसं सांगितलं गो. घरातलं इघ्न भगताला सांगतो आपन, तो कदी चावडीवर बोलतो काय?"

"ती भगत नव्हती."

"व्हय. ते मला कळलं नाय."

"आनि मान हलवलीस ती?"

 खोटं बोलले असते तर पोरीचं दूध गेलं असतं, एवढं ठमाबाई कसंबसं म्हणाली. ते खरंही होतं. पण आवडीच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. दोन महिने रोज सकाळी ती या बाईपुढे ताठ मानेनं गेली, हसली, आंबील बरी झाली काय म्हणून विचारलं, आणि ही सगळं जाणून ऐकत राहिली. परक्यानं पायाखालची जमीन काढली असती तर सोसलं असतं. ही तर आपली होती. आवडीच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तिनं दार लावून घेतलं.

तीन दिवस ती शकूला रानात घेऊन गेली. चौथ्या दिवशी, आई झाडावर कवळं तोडत असताना, भुकेल्या पोरीनं टोपल्यातला न उकडलेला करांदा चावला. घसा सुजला, रात्रभर ती उलट्या करत राहिली. पाचव्या दिवशी आवडीनं तिचं तोंड धुतलं, वेणी घातली, सगळ्यांच्या देखत पडवीत नेलं आणि आपल्या हातानं भिंतीशी तरटावर बसवलं. तुळसाकडे पाहिलं नाही. ठमाबाईकडेही पाहिलं नाही.

दूध चांगलं होतं, खोटं कशाला बोला. शकूच्या गालांवर थोडी तुकतुकी आली. पण तिकडे चुलीकडे आंबील खाणाऱ्या पोरांच्या आया कुरकुरायला लागल्या. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय? आणि मूठ टाकायची तर उघडी टाका, सगळ्यांना दिसू दे. तुळसानं टोपलीवरचं फडकं काढून टाकलं. उघड्या टोपलीत मूठ टाकताना आणखी दोघी-तिघी अडखळल्या, तेव्हा कळलं की वाडीत आवडी एकटी नव्हती. त्या दोघी-तिघींनी पोरं आणायची बंद केली. बाकीच्या म्हणाल्या, शहर पोसतंय तर आपण का घाला? चैत्र अर्धा सरेपर्यंत टोपलीचा तळ दिसला, मडकं उपडं झालं. इतकी वर्षं चाललेलं काम वकिलीणबाईच्या चांगुलपणानं महिन्याभरात बुडवलं, आणि तिला त्याचा पत्ताही नाही.

त्याआधीच, एकोणिसाव्या दिवशी, दुधाचे डबे संपले होते. नवे आले नाहीत. ठमाबाई तसल्या गुडघ्यांनी पोलादपूरला उतरली, तिथून मिळेल त्या गाडीनं महाडला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. आवडी विहिरीवर होती. ठमाबाई तिच्यापाशी थांबली.

"मंडळानं औंदा दुसरं काम घेतलंय म्हनं. पुढल्या सालाला बघू म्हनाल्या. बसायला पाट दिला, चा पाजला." मग म्हणाली, "तसबीर भिंतीवर लावलीया. शकू लय ग्वाड दिसतेय."

आवडीनं घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. बोलण्यासारखं तिच्याकडे खूप होतं. पण समोरची बाईही फसलेली आहे हे दिसत होतं, आणि तरी माफ करायला मन तयार होत नव्हतं. या दोहोंचं काय करायचं ते तिला उमगलं नाही.

पडवीत पोरं अजून जमायची. खायला काही नव्हतं, पण दुसरीकडे जाणार कुठं? त्या दिवशी दुपारी आवडी मोळी टाकून शकूला न्यायला गेली. पोरं अंगणात चिंचोके खेळत होती. गोमाजीचे नातूसुद्धा त्यांच्यात घुसून भांडत होते. शकू एकटी आत होती. तरट कधीच कुणीतरी उचलून नेलं होतं. ती भिंतीला पाठ लावून, पाय जुळवून, रिकामी वाटी मांडीवर धरून न हलता बसली होती.

"खेळायला का गेली नायस गो?"

"माजी जागा हितं हाय," शकू म्हणाली.

आवडी तिच्यापुढे खाली बसली. ठमाबाईवरचा राग, तुळसावरचा, चष्मेवाल्या बाईवरचा, मुंबईत गप्प झालेल्या चांगूवरचा, सगळा एकदम उसळून आला आणि मग तिला आठवलं की या भिंतीशी पोरीला सगळ्यांच्या देखत शेवटी आपणच बसवलं होतं. तिनं वाटी काढून घ्यायला हात पुढे केला. शकूनं ती सोडली नाही.