तांबडी पट्टी

कवडूने नोटीस दोनदा वाचली. 'आपल्या हलगर्जीपणामुळे बोटीच्या मोटरीत पाणी शिरले. सबब उद्यापासून बोट श्री. धीरज यांच्या ताब्यात राहील.'

खाली मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांची, प्रभाकररावांची सही. धीरज त्यांचा पुतण्या. त्याला मोटरीची दोरीही धड ओढता येत नव्हती. कवडू धरणावर सात वर्षं हीच जुनी मोटर चालवत होता. दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर गेला आणि परतला तर मोटर मुकी.

"जत्रा करून आला अन् आता मोटर पाह्यतो!" काठावरून प्रभाकरराव म्हणाले.

"जत्रा नाई ते, साहेब. अन् सुटी मांगून गेलतो."

कवडू मोटरीकडे वळला. प्लग काढून त्याने वायरीच्या टोपीत खोचला, मोटरीच्या अंगाला टेकवला आणि डोक्यावरून दुपट्टा घेऊन अंधार केला.

"ओढा, हरिदासकाका."

बोटीवर जाळी टाकणाऱ्या म्हाताऱ्या हरिदासने दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. बंद करायच्या बटणाची वायर सोडवली, तरी नाही.

"कॉईल जळली," धीरज म्हणाला. "पाण्यानंच."

"हात लावून पाह्य. कोरडी ठणठणीत हाये."

आता राहिले पॉइंट. मोटरीच्या वरच्या चाकाखाली टिकलीएवढ्या दोन चकत्या असतात. त्या नीट मिटल्या-उघडल्या तरच ठिणगी पडते. चाकाच्या खिडकीतून त्या दिसतात. कवडूने खिशातल्या नोटिशीची एक पट्टी फाडली, दोन चकत्यांमध्ये सरकवली आणि ओढून काढली.

पट्टी तांबडी झाली होती. त्याने ती नाकाशी नेली. तूप.

हरिदास पाण्याकडे बघू लागला.

"बोला ना, काका."

"दसऱ्याची पूजा झालती. अध्यक्षांनी झाकण काढाले लावलं. चाकाले कुंकू लावलं अन् वरून तुपाची धार."

"पूजेले नावं ठेवतो काय रे?" प्रभाकरराव कडाडले. "तुले काय कळते त्यातलं?"

पॉइंट साफ करून प्लगची टोपी ह्या माणसाच्या मुठीत द्यावी आणि दोरी ओढून झटका दाखवावा, असं एकदा कवडूच्या मनात येऊन गेलं.

"पूजेचं कोन बोलून राह्यलं? मी पाण्याचं बोलून राह्यलो. कुठं हाये पाणी, दाखवा मले!"

नोटिशीच्या पट्ट्यांमागून पट्ट्या पेट्रोलमध्ये बुडवून त्याने चकत्यांमधून ओढल्या. शेवटची पांढरी निघाली, तेव्हा प्लगवर टक्कन निळी ठिणगी उडाली. तिसऱ्या दोरीला मोटर धूर ओकत सुरू झाली. कवडूने ती घटकाभर ऐकली आणि बंद केली.

"काऊन बंद केली? तीन दिवसांचे जाळे पाण्यात हायेत. मासोळी सडून जाईन!" प्रभाकरराव ओरडले.

"नोटीस."

"फाडून फेक ते."

"फाडून नाई भागत. पाणी शिरलं असं सहीनं लिवलं ना? मंग शिरलं नाई, असंही सहीनंच लिवा."

मासे न्यायला आलेला तळेगावच्या व्यापाऱ्याचा टेम्पो काठावर ताटकळत होता. प्रभाकररावांनी पुतण्याच्या खिशातला पेन ओढला आणि उरलेल्या नोटिशीवर काहीतरी खरडून ती कवडूच्या अंगावर टाकली.

कवडूने कागद उचलून वाचला. 'पाणी शिरले नाही.' खाली सही.

"अन् बोट कोनाकडं राह्यन, ते राह्यलं," तो म्हणाला, आणि कागद परत त्यांच्यापुढे धरला.