चित्रावरचा हात

आई गेल्यावर माझ्या लेकीला वाचायला शिकवणं माझ्याकडे आलं. मांजराची गोष्ट ती घडाघडा म्हणू लागली, तशी मी चित्रावर तळहात ठेवला.

"ही नुसती पोपटपंची! आता अक्षरं वाच."

तिचा चेहरा पडला. पुस्तक उचलून ती आजीच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसली.

"आजी, सांग ना हिला. मांजर झाकलं तर वाचायचं कसं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं मलाही असंच, चित्रावरून शब्दाकडे बोट नेत शिकवलं होतं. एकदाही काही झाकलं नव्हतं. मी लेकीशेजारी जमिनीवर बसले.

"वाच ना, राणी. मी ऐकते."

"आधी हाताची घडी घाल," तिनं दरडावलं.

मी निमूट घातली.