हिरवं शून्य

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण केयूरचं फोनवरचं पेज मिठबावात असं खपलं की बंदरावरची माणसं आभाळाकडे बघायचीच विसरली. मुंबईची नोकरी घरून करणाऱ्या या पोराने ते मच्छीमार सोसायटीसाठी फुकट बनवलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी रोज हवामानाचा इशारा लांबलचक टाइप करायचे आणि तो वाचायचा कंटाळा सगळ्या गावालाच होता. केयूरचं पेज त्या मजकुरातून ‘किलोमीटर’च्या आधीचे आकडे वेचून काढी आणि त्यातला मोठा, म्हणजे वाऱ्याचा वेग, तेवढा पडद्यावर दाखवी. चाळीसच्या आत असला तर हिरवा, वर गेला की लाल. वाचायची कटकटच नाही.

फोन हातात न धरणारा घरात एकच माणूस होता, केयूरचा बाप गंगाराम. त्या सकाळी तो अंगणात उभा राहून दक्षिणेकडे बघत होता. समुद्रावरचे पक्षी माडांच्या बागेत येऊन गुपचूप बसले होते.

"अजय, आज जाव नको रे. माका ह्या बरा दिसणा नाय."

अजय, केयूरचा थोरला भाऊ, डबा घेऊन होडीवर निघालाच होता. त्याने फोन पुढे केला. "शून्य आसा, बाबा. हिरवो. आपल्या केयूरान बनवलेला पेज आसा. तुमी भियाव नको."

केयूर पडवीत चहा पीत होता. भावाच्या तोंडून आपलं नाव ऐकून तो सुखावला. पडद्याकडे एकदा बघायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

दुपारी वारा उठला. अजयची बायको शर्मिला उडालेले कपडे गोळा करून दारात आली. "भावजी, वारो शून्य आसा ना? मगे पडवीची कौला कित्याक उडतत?"

केयूरने पेज उघडलं. शून्य, हिरवंगार. या किनाऱ्यावर वारा शून्य कधी असतो? त्याने सेक्रेटरींचा मूळ मजकूर काढला. ‘वाऱ्याचा वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटर. कोणीही समुद्रात जाऊ नये.’

आकडे मराठीत होते, आणि ते मराठीत यावेत म्हणून गेल्या सभेत छाती पुढे काढून उभा राहिला होता तो केयूरच. म्हाताऱ्यांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, इशारा आपल्या आकड्यांत द्या, असं तो म्हणाला होता. टाळ्याही पडल्या होत्या. सेक्रेटरींनी आजपासून शब्द पाळला.

पण आकडे शोधायला त्याने प्रोग्रॅममध्ये जी रेग्युलर एक्सप्रेशनची, म्हणजे नमुना जुळवून शोधायची, ओळ लिहिली होती, तिला फक्त इंग्रजी आकडे ओळखता येत होते. ५५ आणि ६५ तिच्या लेखी नव्हतेच. काही सापडलं नाही तर बोंब मारायची, हे शहाण्याने तिला शिकवलंच नव्हतं. सगळ्यांत मोठा आकडा शून्य धरून सुरुवात केली होती, तो शून्यच राहिला. आणि शून्य चाळीसच्या आत म्हणून हिरवं.

त्याने ओळ दुरुस्त केली. पडदा लालभडक झाला, ६५. मग अजयला फोन लावला. लागला नाही. परत लावला.

गंगाराम बंदरावरून भिजून आला. "एकव होडी किनाऱ्यार नाय. सगळे गेले, तुझो हिरवो बघून."

शर्मिलाने स्वतःचा फोन समोर धरला. तिच्याकडेही लाल झालं होतं. "आता बरोबर दिसता, भावजी. होडीत हेंकाय दिसात मां?"

रेंज समुद्रातल्या खडकापलीकडे संपते हे तिलाही ठाऊक होतं. तिथे अजयच्या फोनवर सकाळचंच पान उघडं असणार. आभाळ काळं झालं तरी तो बरोबरच्यांना धीर देत असणार, की वारा येईल आणि जाईल, माझ्या भावाचं पेज शून्य म्हणतंय.