अडकली, पडली नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ताईंच्या नवऱ्याची नोकरी महिन्यापूर्वीच गेली होती. आज त्यांच्याही ऑफिसात नोकरकपातीची यादी लागणार म्हणून ताईंनी सकाळपासून चारदा नोटीस बोर्ड पाहून घेतला होता. तेवढ्यात यादी घेऊन निघालेले साहेबच दोन मजल्यांच्या मध्ये अडकले आणि आतून बोंबलू लागले.

"साहेब, लिफ्ट अडकलीय, पडली नाहीये," ताई दाराच्या फटीतून खेकसल्या. "ब्रेकनं घट्ट धरलंय, म्हणूनच थांबलीय."

बोलल्या आणि स्वतःच चपापल्या. आपला संसारही असाच अडकलाय, पडला नाहीये! वर मशीनच्या खोलीत जाऊन त्यांनी हातानं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला लावली आणि खाली येऊन दार उघडलं.

घामाघूम साहेब यादी चाचपत पुटपुटले, "ताई, तुमचं नाव..."

"असलं तर असू दे. आधी खाली बसा, पाय लटपटतायत तुमचे."

ताईंचे मात्र महिन्याभरात पहिल्यांदाच लटपटत नव्हते.