केळीचं पाणी

२०२३ साल होतं, वैशाख संपत आला होता. सावद्याचे रुपचंदनाना पक्षाघाताने अंथरुणाला खिळून वर्ष होत आलं होतं. अंगाची कातडी कोरडी पडून पोपडे सुटायचे, पाठीवर चट्टे उठू लागले होते. साबण लागला की लहान लेकरासारखे रडायचे. उभा जन्म केळीचे घड खांद्यावर वाहिलेल्या माणसाने आंघोळीच्या तांब्याला भ्यावं, हे त्यांच्या बायकोला, पुष्पाबाईंना पाहवत नव्हतं.

धुळ्याहून पुष्पाबाईंच्या बहिणीची लेक मेघा आली. रसायनशास्त्र शिकलेली मुलगी; साबण बंद करा म्हणाली आणि आंघोळीचं द्रावण बनवायला ओट्यावर वजनकाटा मांडून बसली. शुद्ध पाणी, ग्लिसरीन, नारळापासून केलेलं सौम्य सर्फॅक्टंट, म्हणजे मळ सोडवणारं पण कातडी न ओरबाडणारं, आणि शेवटी नासू नये म्हणून, तेवढ्याच पाण्याला पुरेल असं मोजून टाकलेलं औषध. पुष्पाबाई भराभर ढवळू लागल्या तशी ती म्हणाली, "मावशी, ताक नाही घुसळायचं." दोघी हसल्या. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

पहिल्या आंघोळीला नाना रडले नाहीत. पुष्पाबाईंनी हात थांबवला तेव्हा वाकड्या ओठांतून एकच शब्द आला, "आजून."

त्या एका शब्दाने पुष्पाबाईंचा हात सैल सुटला. द्रावणाची बाटली भरभर उतरली. मेघाला नोकरीतून निघता येईना. बाटली संपली की नानांचं रडणं पुन्हा सुरू होणार, या धास्तीने पुष्पाबाईंनी शेजारच्या मळ्यातून तोडलेल्या केळीचा खांब आणला. भाजलं, पोळलं तर सावद्याकडे खांबाचं पाणी लावतात. तेवढं थंड दुसरं काही नाही. ते पिळून त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली. पुढे बाटलीला आंबूस वास येऊ लागला, तो केळीचाच असणार असं त्या समजल्या. चट्टे चिघळले तशा त्या आणखी जपून, आणखी वेळ धूत राहिल्या.

मेघा आली, तिने बाटली हुंगली. मग हळूच विचारलं, यात काय घातलं?

पुष्पाबाईंचं माहेर धुळ्याकडचं. बोली तिकडचीच राहिली होती. "केयना खांबनं पानी टाकं व माय. थंडं ऱ्हास ते. काय चुकनं का मन्हं?"

"नाही मावशी," मेघा म्हणाली. पण तिने बाटली मोरीत उपडी केली आणि हात पुन्हा पुन्हा धुतले. पुष्पाबाई ते हात पाहत राहिल्या.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नानांसारख्या मधुमेह असलेल्या माणसाच्या जखमा अशाही चिघळतात, कशाने ते सांगता येणार नाही. पुष्पाबाईंना ते पटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मन्हाच हात लागना त्यास्ना आंगले."

नाना आषाढात गेले. शेवटच्या आंघोळीला भाऊबंदांनी साबण मागितला. पुष्पाबाईंनी नुसतं पाणी दिलं.

मेघा धुळ्यात शाळेवर शिकवते. घरी काही बनवत नाही, फक्त मावशीपुरतं बनवून दर दिवाळीला पाठवते. पुष्पाबाई सावद्यातच आहेत. त्यांच्या हातांनाही आता कोरडेपणाने भेगा पडल्या आहेत, मीठ लागलं की झोंबतं. मेघाच्या बाटल्या फडताळात तशाच उभ्या आहेत, एकीचंही बूच उघडलेलं नाही.